रस्त्यात पोलिसांचा व्हिडिओ काढायची वेळ आली तर काय करायचं: नाशिककरांसाठी, अगदी पहिल्यापासून

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, सीबीएसजवळ, जिल्हा न्यायालयापासून चालत दोन मिनिटांवर. दिवसभर अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, वकिलांचे कागद. पण हल्ली काही वर्षांपासून हातात मोबाईल घेऊन माणसं येतात आणि विचारतात, ताई यात पोलिसांचा एक व्हिडिओ आहे, कोर्टात द्यायचाय, काय करावं लागेल. मी बघते तर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो, वर फॉरवर्डचे दोन बाण, खाली कोणीतरी टाकलेलं गाणं, सुरुवात कापलेली, शेवट कापलेला. कोणी काढला माहीत नाही, कधी काढला माहीत नाही. मग त्या माणसाला काय सांगायचं तेच कळत नाही.

आणि अशी चूक मी स्वतः केलेली आहे म्हणूनच हे सगळं लिहायला बसलेय. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात शहरातल्या एका गर्दीच्या चौकात रिक्षा कुठे लावली यावरून एका पोलिसाने रिक्षावाल्या दादांच्या कानाखाली दोनदा मारली, माझ्या डोळ्यासमोर, मी दहा पावलांवर. मी मोबाईल काढला, हात थरथरत होते, आणि रेकॉर्डिंग चालू केल्याबरोबर मीच ओरडायला लागले की अहो मारता काय माणसाला. पन्नास सेकंदांचा व्हिडिओ, त्यात निम्मा वेळ माझाच आवाज, आणि एका पोलिसाने माझ्याकडे बघितलं तसा मी बंद केला. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला, तिथे तीस सेकंदच जायचे म्हणून पुढचा भाग गेलाच नाही, आणि दोन दिवसांनी मेमरी फुल झाली म्हणून गॅलरीतून उडवून टाकला. चौथ्या दिवशी त्या रिक्षावाल्यांचे मोठे भाऊ विचारत विचारत दुकानात आले. भावाला एका कानाने नीट ऐकू येत नव्हतं, सिव्हिलला दाखवलं होतं, तक्रार द्यायची होती. ताई, ओरिजिनल आहे का तुमच्याकडे? नव्हता. आणि तोपर्यंत तोच व्हिडिओ दुसऱ्या एका ग्रुपवर "दारुड्या रिक्षावाल्याला पोलिसांचा चोप" असं लिहून फिरत होता. ते भाऊ मला काही बोलले नाहीत, पाणी पिऊन गेले.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या वकिलांना विचारत विचारत, निकाल वाचत, जे कळलं ते खाली पायरी-पायरीने लिहिलंय. हे नवीन माणसासाठी आहे, ज्याने असा व्हिडिओ कधी काढला नाही त्याच्यासाठी. मी वकील नाही, तुमच्यावर प्रत्यक्ष केस आली तर वकील गाठाच.

आधी एवढं मनात पक्कं करा: हा गुन्हा नाही

सार्वजनिक रस्त्यावर ड्युटीवर असलेल्या पोलिसाचा व्हिडिओ काढू नये असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, त्याला कलम १९(२) च्या मर्यादा आहेत, पण "वर्दीचा फोटो काढायचा नाही" अशी मर्यादा त्यात कुठे नाही. पोलीस स्वतः व्हिडिओ काढतातच की, १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं आहे, शक्यतो मोबाईलवर. म्हणजे कॅमेऱ्यासमोर काम करणं हे आता पोलिसांच्या कामाचाच भाग झालंय.

पोलीस स्टेशनच्या आतलं काय, हे लोक फार विचारतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात जी "निषिद्ध ठिकाणं" दिलीत त्यात पोलीस स्टेशन येत नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून तो कायदा लावता येत नाही, आणि गुन्हा रद्द केला. तरीपण माझा सल्ला असा की स्टेशनच्या आत उगाच मोबाईल धरून फिरू नका. तिथे कोणाची मुलगी हरवलेली असते, कोणी बाई नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला बसलेली असते, त्यांचं तोंड तुमच्या मोबाईलमध्ये यायला नको. स्टेशनसाठी दुसरी सोय आहे, सीसीटीव्हीची, ती पुढे सांगते.

आणि लोक ज्याला घाबरतात ते "तीनशे त्रेपन्न", म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ३५३, सरकारी नोकरावर हल्ल्याचं. नवीन भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय. कलम नीट वाचलं तर त्यात हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवायला. लांब उभं राहून मोबाईल धरणं म्हणजे बळाचा वापर नाही. पण दुसरं एक आहे, कलम २२१, सरकारी कामात अडथळा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही मध्ये घुसलात, पोलिसाचा हात धरलात, गाडीच्या आडवे गेलात, माणसं गोळा केलीत तर हे कलम लागू शकतं, आणि हात लागला असं म्हटलं की १३२ पण. म्हणून यापुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, की तुम्ही तिथे साक्षीदार आहात, भांडणातली बाजू नाही. साक्षीदार जितका शांत तितका त्याचा व्हिडिओ कामाचा.

पायरी १: फोन आज रात्रीच तयार करा

वेळ आल्यावर हे सुचत नाही, मला तरी सुचलं नाही. फोनमध्ये कमीत कमी चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवा. साध्या १०८० च्या सेटिंगवर एका मिनिटाला फोनप्रमाणे ६० ते १३० एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाला दोन ते चार जीबी. ४के वर ठेवू नका, फाईल अवाढव्य होते आणि अपलोड होत नाही. लॉक न उघडता कॅमेरा चालू करायची सवय करा, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पॉवरचं बटण पटकन दोनदा दाबलं की होतो, दहा वेळा घरी करून बघा. लॉक अंगठ्याचं किंवा चेहऱ्याचं असेल तर त्यासोबत चांगला सहा आकडी पिन पण ठेवा, आणि बोटाचं लॉक तात्पुरतं बंद कसं करायचं ते आपल्या फोनमध्ये शोधून ठेवा, कारण बोट धरून कोणीही लावून घेऊ शकतं, पिन तुमच्या डोक्यात असतो.

आणि बॅकअप. गुगल फोटोज किंवा आयक्लाउड जे असेल ते चालू, आणि मोबाईल डेटावर व्हिडिओ अपलोड व्हायला परवानगी. बहुतेकांचं फक्त वायफायवर सेट केलेलं असतं, मग व्हिडिओ घरी जाईपर्यंत फोनमध्येच बसून राहतो. क्वालिटी ओरिजिनल ठेवा, स्टोरेज सेव्हर नको.

पायरी २: कुठे उभं राहायचं

कायद्यात अमुक फूट असं काही नाही. मी म्हणेन पंधरा-वीस फूट, आणि शक्यतो तुमच्या आणि पोलिसांच्या मध्ये काहीतरी असू दे, डिव्हायडर, पार्क केलेली गाडी, दुकानाची पायरी. मेनरोडला किंवा रविवार कारंजाला दुकानाच्या पायरीवर चढलात की वरून सगळं दिसतं आणि कोणाच्या वाटेत येत नाही, दुकानदाराला फक्त विचारा. द्वारका सर्कल, मुंबई नाका इथे रस्त्यात उभं राहून काढू नका, पोलीस राहू द्या बाजूला, मागून ट्रक येतो. गाडी चालवत असाल तर आधी गाडी बाजूला, स्टँडवर, मग मोबाईल. नाहीतर तुमच्याच नावावर चलन.

दुसरं, मोबाईल लपवून काढू नका. छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांनी, कोपर अंगाला टेकवून, उघडपणे. लपून काढणाऱ्याचा संशय येतो आणि फुटेज पण हलतं.

काही जागा मात्र खरोखर मनाईच्या आहेत आणि आपल्या नाशिकमध्ये त्या बऱ्याच आहेत. देवळाली कॅम्पला लष्कराचा परिसर, तोफखान्याचा, नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आणि इंडिया सिक्युरिटी प्रेस, गांधीनगरचं लष्करी विमानतळ, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. यांच्या गेटवर, भिंतीजवळ कॅमेरा काढायचाच नाही. तिथे कोणाशी काही झालं तर वेळ आणि वर्णन डोक्यात ठेवा, पुढे गेल्यावर लिहून काढा.

पायरी ३: बटण दाबल्यावर

पहिले पाच सेकंद हळू आवाजात एवढंच बोला: आज तारीख ही, वेळ ही, मी अमुक ठिकाणी आहे. बस. त्यानंतर तोंड बंद. हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे, समोर माणूस मार खात असताना गप्प बसणं आतून पिळवटून टाकतं. पण तुम्ही ओरडलात की पोलीस काय बोलला, तो माणूस काय बोलला, शिवी कोणी आधी दिली, हे सगळं तुमच्या आवाजाखाली जातं आणि नंतर तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. माझ्या व्हिडिओत नेमकं हेच झालं होतं. मदत करायची असेल तर शेजारच्याला सांगा ११२ ला फोन लावायला, हो, पोलिसांविरुद्ध पण ११२ लावता येतो, कॉलची नोंद होते.

फोन आडवा धरा. सुरुवातीला एकदा आजूबाजूचं सगळं घ्या, दुकानाची पाटी, सिग्नल, मंदिराचा कळस, जे ओळखू येईल ते, म्हणजे जागा कुठली यावर वाद नको. मग पोलिसांच्या गाडीचा नंबर. मग वर्दीवरची नावाची पट्टी, दिसत असेल तर. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि पद स्पष्ट दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सांगितलंय, तेव्हा पट्टी नसेल तर पट्टी नाही हेसुद्धा व्हिडिओत दिसू द्या, बोलून दाखवायची गरज नाही. झूम सारखं मागेपुढे करू नका. हातांवर कॅमेरा ठेवा, चेहऱ्यावर नाही, कोणाचा हात कुठे गेला यावरच पुढे सगळं ठरतं.

आणि कापू नका. मध्ये पॉज नको, दोन मिनिटं काही घडत नाही म्हणून बंद नको. अमेरिकेत मिनियापोलिसला २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो आजारपणाचा प्रकार असल्यासारखं लिहिलं होतं. डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी तिथे उभी होती आणि तिने व्हिडिओ मध्ये तोडला नाही, म्हणून किती मिनिटं गुडघा मानेवर होता हे जगाला मोजता आलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या पोलिसाला ज्युरीने दोषी ठरवलं. तिने नुसतं पहिलं अर्धं मिनिट काढून स्टेटसला टाकलं असतं तर काय झालं असतं याचा मी बरेचदा विचार करते.

पोलीस चांगलं वागत असतील तेही येऊ द्या. समोरच्याने आधी कॉलर धरली असेल तर तेही. तुमच्या मनातल्या बाजूचं तेवढंच ठेवलं तर पहिल्याच उलटतपासणीत व्हिडिओ पडतो, आणि पोलिसावर पण अन्याय होतो. नाकाबंदीला बारा-बारा तास उभे असलेले हवालदार मी रोज बघते, त्यांच्यावर खोटा आळ आला तर हाच अख्खा व्हिडिओ त्यांनाही वाचवेल.

पायरी ४: "ए, बंद कर" म्हटलं तर

म्हणतातच. आवाज खाली, चेहरा शांत, आणि एकच वाक्य, तयार ठेवलेलं: "साहेब, मी लांब उभी आहे, तुमच्या कामात येत नाही, फक्त व्हिडिओ काढतेय." मॅडम असतील तर मॅडम. कलमं सांगत बसू नका, "मला कायदा माहितेय" तर अजिबात नाही, त्याने समोरच्याचा पारा चढतो आणि मूळ प्रकार राहतो बाजूला, भांडण तुमचंच सुरू होतं.

"मागे हो" म्हटलं तर लगेच मागे व्हा, चालू ठेवून. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळाव्या लागतात, आणि मागे हो ही वाजवी सूचनाच आहे. दहा पावलं मागे गेल्याने काही बिघडत नाही, उलट तुम्ही ऐकलंत हे रेकॉर्ड झालं. तसंच शहरात पोलीस आयुक्तांचे कलम ३७ चे मनाई आदेश बरेचदा लागू असतात, सणावाराला, मोर्चांच्या वेळी, पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही वगैरे. म्हणून व्हिडिओ काढताना घोळका करू नका, दोघं असाल तर वेगवेगळ्या बाजूंनी काढा. दोन बाजूंचे दोन व्हिडिओ असले तर फार उपयोग होतो.

परिस्थिती हाताबाहेर जातेय, दगड येतायत, लाठीचार्ज सुरू झाला, तर निघा. तुमचं डोकं फुटून व्हिडिओ मिळवायचा नाहीये. बायका, पोरी, रात्रीच्या वेळी एकट्या असाल तर लांबूनच, शक्य असेल तर गच्चीतून किंवा खिडकीतून.

पायरी ५: फोन मागितला, घेतला, डिलीट करायला लावलं

मागणं आणि जप्त करणं यात फरक आहे. "दाखव बरं काय काढलंस" ही विनंती झाली, नाही म्हणता येतं, नम्रपणे. गुन्ह्याशी संबंध आहे असा संशय असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण मग तिची नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. म्हणून फोन घेतलाच तर ओढाताण करू नका, फोनपेक्षा १३२ महाग पडतं. फक्त म्हणा, साहेब पंचनामा करा आणि जप्तीची पावती द्या, त्यात कंपनी, मॉडेल, आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा. आयएमईआय आजच कागदावर लिहून घरी ठेवा, *#०६# दाबलं की दिसतो. पावती मिळाली नाही तर बाहेर पडल्या पडल्या वेळ, ठिकाण, पट्टीवरचं नाव कागदावर लिहा आणि त्याच दिवशी आयुक्त कार्यालयाला लेखी द्या.

डिलीट करायला लावणं हे मात्र कुठल्याच कायद्यात बसत नाही, उलट पुरावा म्हणून लागेल असा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हाच न्याय संहितेच्या कलम २४१ चा गुन्हा आहे. पण रस्त्यात रात्री साडेदहाला हे बोलून उपयोग नसतो. जबरदस्ती झाली तर करा डिलीट आणि निघा. आयफोनमध्ये तो "रिसेंटली डिलीटेड" मध्ये तीस दिवस असतो, गुगल फोटोजमध्ये ट्रॅशमध्ये तीस दिवस, बॅकअप झालेला असेल तर साठ. ट्रॅश पण रिकामी करायला लावली तर त्या फोनवर त्यानंतर काहीच नवीन काढू नका, फोटो नाही, डाउनलोड नाही, आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, कारण नवीन काही साठवलं की जुन्याची जागा जाते.

पायरी ६: घरी आल्यावर, पाणी पिऊन, लगेच

दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं इथेच चुकलेलं असतं म्हणून थोडं लांबवते.

मूळ फाईलला हात लावायचा नाही. ट्रिम नाही, फिल्टर नाही, नाव पण बदलू नका. तिची कॉपी काढा, ओटीजी पेनड्राइव्हवर (थेट मोबाईलला लागतो तो) एक, कॉम्प्युटरवर एक. कोणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून नका पाठवू, व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करतं आणि आतली तारीख-वेळेची माहिती जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी जाते.

मग एक वही घ्या आणि आठवतंय तोवर लिहा. किती वाजले होते, मी कुठे उभी होते, आधी काय झालं जे व्हिडिओत नाही, अजून कोण होतं, पाऊस होता का, लाईट होते का. खाली सही आणि तारीख. कोर्टात बोलावणं दोन-तीन वर्षांनी येतं, तेव्हा ही वही तुमची आठवण.

आता कायद्याचं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा कॉपी म्हणून द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, भाग अ ज्याचा पुरावा आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठ्याचा ठसाच समजा, एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो. म्हणूनच म्हणते, मूळ फाईल ट्रिम करू नका. कॉम्प्युटरवर एसएचए-२५६ प्रकारची हॅश काढता येते, पहिल्याच दिवशी काढून वहीत लिहून ठेवा.

आणि फोन विकू नका! २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर यांच्या, हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे असं सांगितलं, पण त्याच निकालात हेही आहे की मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. दिवाळीच्या ऑफरमध्ये एक्स्चेंजला दिलेल्या फोनबरोबर हा रस्ता जातो. जुना झाला तरी बंद करून, कापडात गुंडाळून, कपाटात ठेवा.

आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे पण लगेच बघा. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये फुटेज काही दिवसच टिकतं, मग त्यावर नवीन चढतं. दुकानदाराला जाऊन साधं सांगा, दादा एवढ्या वेळचं जरा काढून ठेवा. पोलीस स्टेशनच्या आतल्या कॅमेऱ्यांचं वेगळं आहे, सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंह सैनी प्रकरणात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासकट रेकॉर्ड करणारे सीसीटीव्ही हवेत, दारात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, तेवढं जमणारी यंत्रणा नसेल तर निदान एक वर्ष. म्हणून माणसाला आत नेल्यावर काही झालं असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तारीख आणि वेळ नेमकी लिहून, आणि वेगळ्या पत्राने "हे फुटेज जपून ठेवा" असंही कळवा. उत्तराची मुदत तीस दिवस.

पायरी ७: व्हायरल करायच्या आधी एक रात्र जाऊ द्या

मला माहितेय की व्हायरल झाल्याशिवाय कोणी दखल घेत नाही असं सगळे म्हणतात, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण टाकायचं तर आधी बघा त्यात कोण कोण आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ चा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी, मग ती पीडित असो की पकडलेली, बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने तिचं नाव, चेहरा, शाळा काहीही दाखवता येत नाही. चेहरे पुसायचे ते कॉपीवर पुसा.

आणि पकडलेला माणूस गुन्हेगार ठरलेला नसतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी पकडल्यावर कॅमेऱ्यासमोर "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणणाऱ्या संशयितांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनमध्ये फिरत होते, लोकांना बरंही वाटलं, शहरातल्या गुन्ह्यांना लोक कंटाळलेच होते. पण माझ्या मनाला एक गोष्ट लागते, उद्या त्यातला कोणी निर्दोष सुटला तर त्याच्या घरच्यांनी तो व्हिडिओ कुठून कुठून पुसायचा. आपण काढलेल्या व्हिडिओने तरी असं कोणाचं करू नये.

पोस्ट लिहिताना जे दिसतंय तेवढंच लिहा. "अमुक तारखेला, अमुक चौकात, एक पोलीस कर्मचारी एका माणसाला मारताना दिसतोय". पैसे खाल्ले, जात बघून मारलं, असले अंदाज लिहू नका, त्यातून बदनामीचं कलम ३५६ किंवा त्याहून वाईट काही तुमच्याच गळ्यात येऊ शकतं.

कुंभात वेगळं वागायचं

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. बाहेरून आलेले पोलीस, त्यांना आपले रस्ते माहीत नाहीत, लाखो माणसं, कुठेतरी धक्काबुक्की होणार, कुठेतरी काठी उगारली जाणार. तिथे वरचं सगळं लागू आहे पण एक जास्तीचं: चालत्या गर्दीत थांबून मोबाईल वर करायचा नाही. २७ ऑगस्ट २००३ ला आपल्याच शहरात शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. उतारावर एक माणूस थांबला तर मागच्या शंभरांना कळत नाही. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत, पुलावर, काही दिसलं तरी चालत राहा, बाजूला मोकळी जागा मिळाली की मग. आणि कोणी पडलंय, गुदमरलंय तर आधी हात द्या, व्हिडिओ नंतर.

पायरी ८: तक्रार कुठे

शहराच्या हद्दीतलं असेल तर पोलीस आयुक्त कार्यालय, ग्रामीण असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षक, ग्रामीणचं ऑफिस आडगावला. अर्ज दोन प्रतीत, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरा. व्हिडिओची मूळ फाईल किंवा मूळ फोन अर्जाबरोबर देऊन टाकू नका, कॉपी द्या आणि "मूळ माझ्याकडे आहे" असं लिहा. पोलीस स्टेशनने गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना पोस्टाने लेखी, शहरात असाल तर आयुक्तांना, आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, त्याला मात्र वकील लागेल. शिवाय मुंबईला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, ते २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून आलं, आणि राज्य मानवी हक्क आयोग आहे, तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत जा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं तर घाबरू नका. बाईला, साठच्या वरच्या माणसाला, आजारी माणसाला जबाबासाठी स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, कलम १७९, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं.

आणि शेवटी, ज्याचा आहे त्याला द्या

मागच्या वर्षी परत वेळ आली. हातगाडीवर बांगड्या विकणाऱ्या एका मावशींची गाडी उलटवली, त्यांच्या हाताला लागलं. मी समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभी राहिले, अकरा मिनिटं, एक शब्द बोलले नाही, ओठ चावून चावून दुखत होते. मागे हो म्हटल्यावर मागे झाले. संध्याकाळी दोन कॉपी काढल्या, वही लिहिली, कोणाला पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींना शोधत गेले आणि विचारलं, हे तुमचं आहे, काय करायचं तुम्ही सांगा. त्यांना आधी भीती वाटली, मुलाला दाखवू नका म्हणाल्या, तो तापट आहे, जाऊन भांडेल. आठवडाभराने स्वतःच दुकानात आल्या, हाताला प्लॅस्टर, बरोबर शेजारीण. पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून दिला, वर तारीख आणि माझा नंबर लिहिला, त्यांना विधी सेवेच्या ऑफिसपर्यंत सोडून आले. अर्जाची झेरॉक्स काढताना त्यांनी विचारलं, ताई, तुम्ही याल ना सांगायला, कोर्टात. म्हटलं, येईन, फोन कपाटात ठेवलाय.